पर्यावरणपटांतील ‘आपण’

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यात येत नाही. ‘आपण’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. हिंदीतल्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीतल्या ‘वुई’मध्ये हा भेद होत नाही. दलित साहित्य उभे राहिले ते ‘आम्ही’ या सर्वनामावर. प्रस्थापित साहित्य शंभर वर्षे ‘आपण’, ‘आपली संस्कृती’, ‘आपला गाव’ असे लिहीत आले आणि त्या ‘आपण’मध्ये गावकुसाबाहेरचा माणूस कधीच धरलेला नव्हता. त्या खोट्या ‘आपण’ला दिलेला नकार म्हणजे दलित साहित्याचे ‘आम्ही’ होय.

हे व्याकरण येथे आठवण्याचे कारण असे की, आज एक नवा ‘आपण’ पडद्यावरून बोलू लागला आहे. पर्यावरणावरील चित्रपट, अनुबोधपट आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफिती या सर्वांची भाषा एकच असते. आपण नद्या घाण केल्या, आपण जंगले तोडली, आपण पृथ्वी ओरबाडली, आता आपणच तिला वाचवले पाहिजे. ऐकायला हे नम्र वाटते. पण या ‘आपण’मध्ये नेमके कोण येते? नदी घाण करणारा, त्या घाणीत उतरणारा आणि त्या नदीचे पाणी पिण्याचा अधिकार ज्याच्या बापजाद्याला नव्हता तो, हे तिघेही एकाच सर्वनामात कसे काय बसतात? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

आपल्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथन तपासले, जलसा आणि रंगभूमी तपासली. पर्यावरणपट मात्र तिने शास्त्राच्या शिक्षकांवर आणि पारितोषिक समित्यांवर सोडून दिला. केंद्र सरकारने १९८९ सालच्या चित्रपटांपासून पर्यावरणविषयक चित्रपटासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पारितोषिक ठेवले. तेव्हापासून ‘पर्यावरण’ हा चित्रपटांचा एक मान्य प्रकार झाला. आज हे चित्रपट शाळांत दाखवले जातात, ग्रामसभेत दाखवले जातात, कारखान्यांच्या कार्यक्रमांतही दाखवले जातात. ते पाहणाऱ्यांत आमची मुले असतात. त्यांच्या मनात कोणती जाणीव रुजते, हे पाहणे समीक्षेचे कामच आहे.

मी सणसवाडीचा रहिवासी आहे. पुणे–नगर रस्त्यावरचे हे गाव. काही दशकांत येथील शेतांच्या जागी कारखाने आले, कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्या आल्या आणि त्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार राहू लागले. त्यांच्यातील काही तरुणांबरोबर सुटीच्या दिवशी चित्रपट पाहण्याचा आणि त्यावर बोलण्याचा क्रम आम्ही ठेवला आहे. पुढील विवेचन त्या पाहण्यातून आले आहे.

२

जागतिक पर्यावरणपटाचा नमुना म्हणून ‘होम’ हा चित्रपट घेता येईल. यान आर्थुस-बर्त्रां या फ्रेंच छायाचित्रकाराचा हा चित्रपट ५ जून २००९ रोजी, म्हणजे पर्यावरणदिनी, जगभर एकाच वेळी दाखवला गेला. तो जवळजवळ संपूर्णपणे आकाशातून चित्रित केलेला आहे. दृश्ये अतिशय देखणी आहेत. परंतु आकाशातून पाहिले की शेत दिसते, शेताचा मालक आणि मजूर हा भेद दिसत नाही. वस्ती दिसते, पण तिच्यापासून दोन शेते सोडून दुसरी वस्ती वेगळी का आहे, हे दिसत नाही. त्या उंचीवरून सगळी माणसे मुंग्यांएवढी होतात आणि सगळ्या मुंग्या सारख्याच दोषी ठरतात. त्याआधी तीन वर्षे, २००६ साली, अल गोर यांच्या व्याख्यानांवर आधारलेला ‘अ‍ॅन इन्कन्व्हीनियंट ट्रुथ’ आला होता. त्यातील आलेखही असेच उंचावरून बोलतात. पृथ्वी तापते आहे, हे शास्त्र खरे आहे आणि त्याविषयी माझा वाद नाही. उलट उन्हाचा तडाखा सर्वांत आधी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला बसतो, म्हणून ते शास्त्र आम्हाला अधिक जवळचे वाटले पाहिजे. वाद आहे तो बघण्याच्या जागेचा. विमानात बसून काढलेला ‘आपण’ जमिनीवर उतरला की लगेच त्याचे तुकडे पडतात.

हीच दृष्टी आता ड्रोनच्या रूपाने आमच्या भागात आली आहे. आळंदीला इंद्रायणीवर आलेला पांढरा फेस अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पुढे वढू आणि कोरेगाव भीमाच्या काठाने, सणसवाडीच्या जवळून वाहते. आणखी खाली रांजणगाव सांडसजवळ, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, पुण्याचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा तिला मिळते. मग दौंड, मग उजनीचे धरण आणि मग पंढरपूर. या नदीवरच्या चित्रफितींना एक ठराविक साचा आहे. उदास संगीत, वरून घेतलेला फेस, हात जोडलेले भाविक आणि शेवटी ‘आपली नदी आपण वाचवू या’ असे आवाहन. अशी एक चित्रफीत पाहून झाल्यावर आमच्यातला एक कामगार म्हणाला, “फेस दाखवला, पण पाइप कुणाचा ते नाही दाखवलं. आन् भाविकांचं तोंड दाखवलं, नाल्यात उतरणाऱ्याचं नाही.” मोठमोठ्या समीक्षकांना न सुचलेली समीक्षा त्या दोन वाक्यांत आहे.

या चित्रफितींत नदीचे दुःख सांगताना ‘पावित्र्य भंगले’ ही भाषा हटकून येते, आणि येथेच आम्ही थांबले पाहिजे. ‘प्रदूषण’ हा शब्द लोकांच्या तोंडी अलीकडे आला. त्याआधी पाणी बिघडण्यासाठी या समाजाकडे एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार होता. तो शब्द म्हणजे ‘विटाळ’. प्रदूषण मोजता येते. पाण्यात किती प्राणवायू उरला, किती जड धातू आले, हे प्रयोगशाळा सांगते. विटाळ मोजता येत नाही, कारण तो पाण्यात नसतोच. तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी त्या तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते पाणी पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेला विचारावे की त्या दिवशी तळ्याचे प्रदूषण नेमके कोणी केले! पर्यावरणाच्या भारतीय इतिहासातील हा पहिल्या प्रतीचा प्रसंग आहे. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या २००० सालच्या चित्रपटात महाडचा सत्याग्रह आहे, परंतु पाण्यावरील चित्रपटांच्या यादीत त्या चित्रपटाचे नाव मी कधी वाचले नाही. ‘पावित्र्य’ या शब्दाचा वापर करून नदीविषयी रडणारा चित्रपट नकळत विटाळाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. त्याला शहराच्या मैल्याची घाण वाटते तशीच पुढे तो मैला वाहून नेणाऱ्याचीही वाटते. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरमध्ये जमणाऱ्या लोकांविषयी ‘घाण करतात’ अशी कुजबूज होते. ती ज्या भाषेत होते, ती भाषा याच मनातून येते.

३

महाराष्ट्रात पर्यावरणाच्या चित्रपटाचा सर्वांत मोठा विषय पाणी हाच राहिला आहे आणि ते स्वाभाविक आहे. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात ‘वॉटर कप’ स्पर्धा भरवली. पहिल्या वर्षी ३ तालुके होते, शेवटच्या वर्षी ७६. माती कशी ओळखावी, समतल चर कसे खोदावेत, बांध कोठे घालावा हे शिकवणाऱ्या त्यांच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. शिकवण्याचे साधन म्हणून त्या उत्तम आहेत. शास्त्र सोप्या मराठीत, गावच्या माणसाच्या तोंडून आणि कोणालाही न हिणवता सांगणे, हे अनेक विद्यापीठांना न जमलेले काम त्यांनी केले. ते मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

या चित्रफितींतील यशोगाथांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : जातपात, गटतट विसरून गाव एक झाले आणि श्रमदानातून पाणी अडले. आता, जात विसरायला कोणाला सांगितले जाते? ज्याच्या जातीने त्याला विहीर दिली त्याला जात विसरणे सोपे आहे, कारण विसरूनही विहीर त्याचीच राहते. ज्याच्या जातीने त्याला विहिरीपासून दूर ठेवले, त्याने जात विसरली तर तो आपला दावाच विसरतो. भूमिहीन माणूस फावडे घेऊन माथ्यावर चर खणतो. पावसाचे पाणी त्या चरात मुरते, जमिनीखालून उतारावर जाते आणि खालच्या शेतातील विहिरीला येते. १८८२ सालच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यापासून आपल्याकडे जमीन ज्याची त्याच्याच जमिनीखालचे पाणी, अशी समजूत पक्की झाली आहे. पुढे भूजलाचे नवे कायदे झाले तरी विहिरीची मालकी सातबाऱ्यालाच चिकटून राहिली. तेव्हा दान कोणाचे आणि फळ कोणाचे? श्रमदान हा शब्द जमीनवाल्याच्या बाबतीत गुंतवणूक या अर्थाचा आहे आणि भूमिहीनाच्या बाबतीत तो पुष्कळदा वेठीच्या फार जवळ जातो. ज्यांच्या पूर्वजांनी वतनाच्या नावाखाली गावाची सर्व कामे फुकट केली, त्यांच्या कानाला तरी हे ऐकू यावे.

आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ हा चित्रपट यापेक्षा वरच्या दर्जाचा आहे. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी या गावच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत त्याला पर्यावरणविषयक उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले आणि १८ ऑक्टोबर २०२४ रोजी तो चित्रपटगृहांत आला. गावात पाणी नाही म्हणून मुलाचे लग्न जमत नाही, या साध्या, खऱ्या अडचणीतून कथा सुरू होते. कोरडेपणा पडद्यावर सुंदर करण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. तरीही शेवटी उरतो तो एक जिद्दी माणूस आणि त्याच्या मागे आलेले गाव. पाणी आल्यावर ते वाटायचे कसे, ही गोष्ट सुरू होण्याआधी चित्रपट संपतो. बहुतेक सर्व पाणीपटांचे असेच होते. पाणी आल्याच्या आनंदात ते पडदा पाडतात आणि आमच्या दृष्टीने खरे नाट्य तर तेथूनच पुढे असते.

हे नाट्य काल्पनिक नाही. आमच्याच जिल्ह्यात ते घडलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. या नियमांत जी क्रांतिकारकता आहे ती शंभर चरांत नाही, कारण तेथे पाण्याचे आणि सातबाऱ्याचे लग्न मोडले. त्याच काळात बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढून गावोगाव विचारले, येथे दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येते का? एकाने पाण्याच्या वाट्याचा आणि दुसऱ्याने पाण्याच्या स्पर्शाचा प्रश्न विचारला. पाण्यावरील कोणत्याही चित्रपटाने या दोन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. न दिल्यास तो चित्रपट अपुरा आहे, असे म्हणावे लागेल. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईवर कविता लिहिली तेव्हा ‘पर्यावरण’ हा शब्द फारसा रूढही नव्हता. पण धरण कोण बांधते आणि पाणी कोणाकडे जाते, हा प्रश्न त्या कवितेने आधीच विचारून ठेवला आहे. आमचे पर्यावरणसाहित्य तेथून सुरू होते.

४

पाण्याच्या चित्रपटात आमचा माणूस गर्दीत हरवतो. घाणीच्या चित्रपटात तो हरवू शकत नाही, कारण तेथे त्याच्याशिवाय दुसरे कोणी उतरतच नाही. म्हणून या विषयावरचे सर्वांत खरे काम मैला, कचरा आणि गटार यांवरच्या चित्रपटांत झाले आहे. पारितोषिकांच्या भाषेत त्यांना सामाजिक चित्रपट म्हणतात. माझ्या मते ते पर्यावरणपटच आहेत.

आनंद पटवर्धन यांचा ‘बॉम्बे : हमारा शहर’ १९८५ साली आला. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले आणि तरीही झोपड्या हटवण्याची वाट मोकळी ठेवली. शहर स्वच्छ हवे, सुंदर हवे, असे सुस्थित लोक बोलतात आणि दुसरीकडे त्यांचे शहर बांधणाऱ्यांच्या झोपड्या मोडल्या जातात, हे या चित्रपटाने समोरासमोर ठेवले. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे त्यात आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार होऊन दहा माणसे मेल्यानंतर चारच दिवसांनी घोगरेंनी मृत्यू पत्करला. पुढे त्यांच्यापासूनच ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू झाला. पण ‘हमारा शहर’मधील मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण वेगळा आहे. एक झोपडीवासी बाई चित्रपट काढणाऱ्यालाच जाब विचारते, की आमच्या दुःखाची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल, आम्हाला त्याचे काय? पटवर्धनांनी तो जाब कापला नाही, चित्रपटात ठेवला. चित्रपटाचे शीर्षक ‘हमारा’ म्हणते आणि त्याच चित्रपटातील बाई त्या ‘हमारा’तून आपले नाव काढून घेते. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

अतुल पेठे यांच्या ‘कचराकोंडी’ने पुण्याच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळवला. पुणे हे विद्येचे माहेरघर असे ज्या शहराविषयी म्हटले जाते, त्या शहराच्या घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्याचे पुढे काय होते आणि त्याला कोणाचा हात लागतो, हे पुणेकरांना त्यांच्याच भाषेत सांगितले गेले. तामिळमध्ये दिव्या भारती यांचा ‘कक्कूस’ २०१७ साली आला. तो पाहणे सोपे नाही आणि सोपे असूही नये. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या वारसाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा बंदी घालतो, न्यायालय भरपाई वाढवते आणि माणूस गटारात उतरतच राहतो. ‘कक्कूस’ हे त्या उतरत राहण्याचे चित्रण आहे.

आणि ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. वीरा साथीदार यांनी उभा केलेला शाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. गटारात विषारी वायू आहे का हे तो कसे ओळखत असे? आत खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येते का ते पाहायचे. झुरळ आले तर आत हवा आहे. शहराचे प्रदूषण मोजणारी यंत्रे चौकाचौकांत बसवली जातात, आकडे रोज छापून येतात. पण ज्या ठिकाणी वायू जीव घेतो तेथे मोजण्याचे साधन झुरळ आहे. पर्यावरणाविषयी इतके अचूक दृश्य मराठी पडद्यावर दुसरे मला माहीत नाही, आणि तेथे पार्श्वसंगीत नाही, कोणी रडत नाही. बाई विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते, एवढेच.

तरीही या प्रवाहाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. यातील बहुतेक चित्रपटांत आमचा माणूस साक्षीदार आहे, कर्ता नाही. त्याची वेदना दिसते, त्याचे ज्ञान क्वचितच दिसते. कोणत्या नाल्याला कोणता वास, कोणत्या कारखान्याचे पाणी रात्री किती वाजता सुटते, कोणता कचरा पुन्हा वापरात येतो, हे ज्याला कळते तो पर्यावरणाचा जाणकार आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. आज जी गोष्ट मोठ्या परिषदांत ‘पुनर्चक्रीकरण’ या नावाने शिकवली जाते, ती या स्त्रिया शाळेत न जाता करीत आल्या आहेत. पर्यावरणपटात त्यांना तज्ज्ञाच्या खुर्चीत बसवले जाईल त्या दिवशी या प्रकाराचे वय वाढले असे मी समजेन. २ ऑक्टोबर २०१४ नंतर पडद्यावर नटनट्यांच्या हातांत झाडू दिसू लागले. झाडू हातात घेतल्याने त्यांची प्रतिष्ठा वाढली, पण ज्यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांची मात्र वाढली नाही. एकच वस्तू एकाच्या हातात शोभा होते आणि दुसऱ्याच्या हातात जात होते, हे कोणत्याही जाहिरातीने सांगितलेले नाही.

५

या सर्व विवेचनानंतर मला असे म्हणायचे आहे की, मराठीतील सर्वांत महत्त्वाचा पर्यावरणपट नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा आहे. २०१३ सालच्या या चित्रपटाला कोणी पर्यावरणपट म्हटले नाही. प्रेमकथा म्हटले, जातीची कथा म्हटले. पण कथेचा मूळ व्यवहार पाहावा. गावाची घाण डुकरे खातात. डुकरांचा गावाला त्रास होतो. डुकरे पकडण्याचे काम कैकाडी समाजाच्या एकाच घराकडे येते. म्हणजे घाण गावाची, ती खाऊन टाकणारे जनावर विटाळाचे आणि त्या जनावराला हात लावणारा माणूसही विटाळाचा. गावाच्या जीवनचक्रातले जे काम सर्वांत आवश्यक, तेच सर्वांत हीन मानायचे, ही वर्णव्यवस्थेची पर्यावरणरचना आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांवर टाकणारा गाव याच रचनेवर जगला. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले, तेव्हा त्यांनी माणसाला मुक्त केले आणि त्याबरोबर गावाला प्रथमच विचारले, की तुमची घाण तुमची का नाही?

‘फँड्री’त जब्याचे घरदार डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेते. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे, गाडगेबाबांचे चित्र आहे. स्वच्छतेचे सगळे संत भिंतीवर, आणि भिंतीखालून स्वच्छतेचे सगळे ओझे वाहणारे कुटुंब. आणि शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ पडद्याबाहेर, पाहणाऱ्याकडे भिरकावतो. आतापर्यंत मी ज्या ‘आपण’विषयी बोलत आलो, तो ‘आपण’ त्या दगडाने फुटतो. जब्या पाहणाऱ्याला म्हणतो, तू माझ्या ‘आपण’मध्ये नाहीस, तू ‘तुम्ही’ आहेस. आमच्या खोलीत हा चित्रपट संपला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

हा प्रश्न आमच्यापुरताच आहे असेही कोणी समजू नये. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२ सालच्या चित्रपटात दिल्लीतील नदीम आणि सऊद हे दोन मुसलमान भाऊ विषारी हवेतून खाली पडणाऱ्या घारींवर उपचार करतात. हे काम त्यांच्याकडे का आले? पक्ष्यांच्या दवाखान्याने घार घेतली नाही, कारण ती मांसाहारी! विटाळ आकाशातील पाखरालाही सोडत नाही. आणि त्याच वेळी, २०२० साली, शहरात माणसांविरुद्ध द्वेष पेटलेला असतो. हवा आणि द्वेष एकाच फुफ्फुसात जातात, हे या चित्रपटाने आरडाओरडा न करता दाखवले.

६

समीक्षेने निकष मांडावे लागतात. पर्यावरणपटाला मी तीन प्रश्न विचारतो. या घाणीत कोण उतरतो आणि त्याचे नाव चित्रपटात आहे का? जे वाचवायचे आहे, ते पाणी असो की जंगल, त्यावर हक्क कोणाचा आणि वाटा कोणाला? आणि चित्रपटाने ‘आपण’ म्हटले तर त्या ‘आपण’ला त्याने काही किंमत मोजली आहे का? या प्रश्नांना सामोरा न जाणारा चित्रपट देखणा असू शकेल, उपयुक्तही असू शकेल. आमचा मात्र होणार नाही.

हेच प्रश्न आपल्या घरालाही विचारले पाहिजेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ पेरणेला, भीमेच्या काठावर उभा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते महाडच्या तळ्यावर गेले. स्तंभ आणि पाणी त्यांच्या एकाच वर्षात आहेत. आज दरवर्षी लाखो लोक त्या काठावर येतात. १ जानेवारी २०१८ रोजी येथे हिंसा झाली, सणसवाडीतही झाली, आणि ‘एक गाव’ या शब्दाची किंमत आम्ही डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर या परिसराच्या चित्रफिती हजारोंनी निघाल्या. मी पाहिलेल्या नदीच्या चित्रफितींत स्तंभ नाही आणि स्तंभाच्या चित्रफितींत नदी आहे ती केवळ पार्श्वभूमी म्हणून. आपला कॅमेरा निळ्या झेंड्यावर स्थिरावतो, झेंड्यामागच्या पाण्याकडे वळत नाही. ज्या चळवळीचा जन्म पाण्याच्या घोटातून झाला तिने पाण्याचा विषय दुसऱ्यांच्या हाती सोडावा, हे बरे नाही. तो विषय ज्यांच्या हाती गेला ते त्याला पावित्र्याकडे नेतात. तो हक्काकडे परत आणण्याचे काम आपले आहे.

साधन आता दुर्मिळ राहिलेले नाही. एकेकाळी फिल्म्स डिव्हिजन जे दाखवील तेच देश पाहत असे. आज पाळीवरून सुटलेल्या कामगाराच्या खिशात कॅमेरा आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी किती तापते, बोअरचे पाणी कोणत्या महिन्यात रंग बदलते, टँकर आधी कोणत्या वस्तीत रिकामा होतो आणि आमच्या वस्तीत कधी येतो, हे सर्व त्याला ठाऊक आहे. ते त्याने क्रमाने, तारीखवार, कोणाचीही दया न मागता टिपले तर पर्यावरणाचा पहिला आंबेडकरी चित्रपट याच रस्त्यावर होईल. त्याची भाषा ‘आम्ही’ची असेल. ‘आपण’ म्हणण्याचा दिवसही येईल, परंतु तो पाण्याचे वाटप झाल्यावर आणि गटारातला शेवटचा माणूस बाहेर आल्यावर. त्याआधी म्हटलेला ‘आपण’ आम्हाला मान्य नाही.